टीव्हीतले निळे चेहरे

मनीषनगर, नागपूर

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. लग्नाआधी लिहायची आपल्याकडे रीत नव्हती. लग्नानंतर तुम्ही सकाळी बुटीबोरीच्या बसमध्ये बसायचे आणि दिवेलागणीला घरी यायचे; मधल्या वेळात काय लिहिणार? पण या आठवड्यात घरात एक गोष्ट घडली, आणि ती कळेल असं तुमच्याशिवाय दुसरं माणूस मला सुचलं नाही.

तुम्ही गेल्यावर पुढच्या वर्षी आपल्या निखिलचं लग्न झालं. सुनेचं नाव मृणाल. मिहानमध्ये एका कंपनीत नोकरीला आहे. बोलायला सरळ, हसायला मोठ्याने. तुमची आणि तिची भेट झाली नाही, ही माझ्या मनातली कायमची रुखरुख. तुम्ही दोघं भांडले असते, आणि मला ते पाहायला आवडलं असतं.

तर रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघी टीव्हीसमोर बसलो होतो. गाण्याचा कार्यक्रम सुरू होता. थोडा वेळ पाहून ती म्हणाली, "आई, रागावू नका, पण टीव्ही खूप निळा दिसून राहिला. गाणाऱ्या पोरींचे ओठ पाहा, जांभळे झाले."

मी रागावलेच. या घरात टीव्ही कसा लावायचा ते मला कोणी शिकवू नये, असं काहीतरी तोडून बोलले आणि आत जाऊन स्वच्छ भांडी पुन्हा घासायला घेतली. घासताना वाटत होतं, आपल्याला एवढा राग का यावा? टीव्हीचाच तर विषय! आणि मग आठवलं की हा राग माझा नाहीच. हा मी आधी पाहिलेला आहे. तुमच्या चेहऱ्यावर.

तुमच्या रंगाच्या वेडाला मी नावं ठेवली खरी, पण ते वेड आलं कुठून हे मी पाहिलं होतं. कापडाच्या कारखान्यात शेड जुळवायचं तुमचं काम. गिऱ्हाइकाने पाठवलेला तुकडा एका हातात, आपल्याकडे रंगवलेला दुसऱ्या हातात, आणि दोन्ही एक आहेत की नाहीत हे डोळ्यांनी ठरवायचं. एकदा कंपनीने घरच्या माणसांना कारखाना दाखवायला बोलावलं होतं, आठवतं? निखिल माझ्या कडेवर होता. तुम्ही मला तुमच्या लॅबमध्ये नेलं. तिथे राखाडी रंगाची एक पेटी होती, आत दिवे. तुम्ही तिच्यात दोन तुकडे ठेवले. मला दोन्ही सारखेच बदामी दिसले. मग तुम्ही एक बटण दाबलं, दुसरा दिवा लागला, आणि त्यातला एक तुकडा माझ्या डोळ्यांदेखत लालसर झाला.

मी दचकले. तुम्ही मात्र इतके खूश झाले होते, जणू तो तुकडा तुम्हीच शिकवून तयार केला होता. उजेड बदलला की रंग तोंड फिरवतो, असं तुम्ही म्हणाले. घरी तुम्ही एवढं बोलायचे नाही. त्या खोलीत मात्र तुम्ही बोलत राहिले आणि मी ऐकत राहिले. माझ्या नवऱ्याला एक गोष्ट फार नीट येते, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याची शिक्षा मात्र मी जन्मभर भोगली! सीताबर्डीला साडी घ्यायला जायचं तर तुम्ही साडी उचलून दुकानाबाहेर, रस्त्यावर उन्हात घेऊन जायचे. मागे मी, माझ्या मागे दुकानातला माणूस, त्याला वाटायचं हे पळाले साडी घेऊन. दुकानाच्या दिव्याखाली रंग पाहून साडी घेणारी बाई तुमच्या लेखी भोळीच.

आणि टीव्ही! आपला पहिला रंगीत टीव्ही आला तेव्हा शेजारपाजारच्या टीव्हीत माणसं टोमॅटोसारखी लाल नाहीतर कैरीसारखी हिरवी दिसायची, आणि सगळ्यांना तेच बरोबर वाटायचं. तुम्ही मात्र पहिल्या दिवशी कोणाला कार्यक्रम पाहू दिला नाही. खिडकीचा पडदा ओढला, कूलर बंद केला (मे महिन्यात, नागपुरात!), कारण त्याच्या आवाजाकडे तुमचं लक्ष जात होतं, आणि बसले. आधी काळे केस पाहायचे. केसांच्या बटा वेगळ्या दिसल्या पाहिजेत, पण केस राखाडी व्हायला नकोत, तो ब्राइटनेस. मग कोणाचा पांढरा सदरा. त्याच्या चुण्या दिसल्या पाहिजेत, नुसता पांढरा डाग नको, तो कॉन्ट्रास्ट. शार्पनेस खाली, नाहीतर माणसांच्या कडेने पांढरी रेघ उमटते. आणि सगळ्यांत शेवटी चेहरा. चेहरा माणसाचा वाटला की रंग जमला, मग झाडं आणि आभाळ आपोआप सुधारतात.

तुम्ही पडद्याकडे टक लावून पाहायचे नाही. आधी भिंतीकडे पाहायचे, मग झटकन पडद्याकडे, पुन्हा भिंतीकडे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले की फार वेळ पाहिलं की डोळा खोट्यालाही सरावतो. तेव्हा मला ते नुसतं तुमच्या कामातलं बोलणं वाटलं होतं.

मला आवडायचा भडक रंग. लाल म्हणजे लालभडक, हळदीचा पिवळा म्हणजे डोळ्यात भरणारा. तुमच्या टीव्हीत नव्या नवरीचा शालूही समजूतदार दिसायचा. मी कुरकुर केली की तुम्ही म्हणायचे, तो लाल खोटा आहे वं. असू दे ना खोटा, मी म्हणायचे, मी तरी कुठे शेतात राबून आले आहे, बसून मालिकाच पाहते आहे! तुम्ही बधायचे नाही. फक्त संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका यायच्या त्या दिवशी, मला न सांगता, रंग थोडासा वर केलेला असायचा. मला कळायचं. मीही बोलायची नाही.

मग तुम्ही निवृत्त झाले. लॅबमधली ती पेटी सुटली आणि सगळी नजर घरावर आली. भिंतीचा रंग, पडदे, माझा स्वयंपाक. भाजी करपल्यासारखी दिसते म्हणायचे, ती करपलेली नसायची.

पहिल्यांदा मला खटकलं ते टीव्हीमुळे नाही, कपड्यांमुळे. तुमचे पांढरे सदरे पिवळे पडले अशी तुमची तक्रार सुरू झाली. साबण बदलला, पाण्याला दोष देऊन झालं, मग म्हणाले नीळ वाढव. मी वाढवली. अजून वाढव म्हणाले. शेवटी तुमचे सदरे दोरीवर वाळत असले की समोरची बाई विचारायची, साहेबांनी आकाशी कपडे केव्हापासून घालायला सुरुवात केली? आणि तुम्ही तो सदरा घालून आरशात पाहायचे आणि म्हणायचे, आता कसा पांढराशुभ्र झाला.

टीव्हीचंही तसंच होत गेलं. तोवर तो मोठा सपाट टीव्ही आला होता, त्याच्या मेनूमध्ये 'वॉर्म' आणि 'कूल' असं काहीतरी होतं. वॉर्म केलं की चित्र पिवळसर, कूल केलं की निळसर. इतकी वर्षं तो वॉर्मवर होता, तुम्हीच ठेवलेला. तुम्ही कूल केला. काही दिवसांनी त्यातही निळा अजून वाढवला. मग ब्राइटनेस. बातम्या देणारी बाई थंडीत कुडकुडल्यासारखी दिसायला लागली. तुम्ही तुमच्या जुन्या रीतीनेच सगळं करत होते, भिंतीकडे पाहून, मग पडद्याकडे पाहून. रीत बरोबरच होती हो. डोळा बदलला होता.

एका दुपारी मी सांगितलं. फार विचार करून नाही, सहज. म्हटलं, अहो, टीव्हीतली माणसं निळी दिसतात.

तुम्ही रिमोट टेबलावर ठेवला. हळूच ठेवला, आपटला नाही. आणि म्हणाले, "मी रंगात जिंदगी काढली. तू मले रंग सांगून राहिली?"

मग कित्येक दिवस आपल्या घरात टीव्ही लागला नाही. तुम्ही पेपर वाचत बसायचे, तोही डोळ्यांजवळ धरून. तुमचं तोंड असं झालं होतं, जसं कोणी तुम्हाला लॅबमधून हात धरून बाहेर काढलं. त्यानंतर मी हा विषय काढला नाही. निखिलच्याही लक्षात आलं होतं. त्याने मला डोळ्यांनी विचारलं, मी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. तुम्ही भाजीला गेले की मी टीव्ही वॉर्म करायची, माझी मालिका पाहायची, आणि फाटकाची कडी वाजली की पुन्हा कूल. या वयात नवऱ्याला चोरून टीव्हीचा रंग बदलणारी बाई नागपुरात मी एकटीच असेन!

तुम्ही इतके रागीट नव्हते. मग याच गोष्टीचा का आला राग? मला वाटतं, तुम्हाला आतून कळलं होतं. माणूस परक्या गोष्टीवर एवढा चिडत नाही.

मग माझ्या भाचीचं लग्न आलं. मला नवी गडद निळी साडी घेतली होती, आणि तिच्यावर ब्लाउजपीस आणायला तुम्ही इतवारीला गेले. साडी सोबत घेऊन, नेहमीसारखे. परत आले ते काळं कापड घेऊन. निळं नाही, काळं. खिडकीशी जाऊन तुम्ही साडी आणि कापड शेजारी धरलं. मग अंगणात नेलं. पुन्हा खिडकीशी आले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तुम्ही मला विचारलं, एकच आहे ना? इतक्या वर्षांत तुम्ही मला रंगाबद्दल कधी विचारलं नव्हतं.

मी हो म्हटलं. ब्लाउज शिवला आणि लग्नात घातला.

लग्नात माझ्या मावसबहिणीने सगळ्यांसमोर विचारलं, सुमन, ब्लाउज दुसऱ्याच साडीचा घातला का वं? तुम्ही तिथेच ताट घेऊन उभे होते. मी काहीतरी हसून उत्तर दिलं, आजकाल असंच घालतात म्हणून. तुम्ही ताटातलं जेवले. मठ्ठा मागून घेतला. मला वाटलं, ऐकलंच नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तो निळीचा सदरा घातला आणि म्हणाले, डोळे दाखवून येतो. मी येते म्हटलं, तर नको म्हणाले. एकटेच रामदासपेठेत गेले. संध्याकाळी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पिकलेला आहे, आधी उजव्याचं ऑपरेशन. जशी बँकेच्या कामाची बातमी सांगावी तसं सांगितलं.

ऑपरेशन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पट्टी काढली आणि आपण घरी आलो, तो दिवस मला सगळा आठवतो. तुम्ही काळा चष्मा काढून टीव्ही लावला. डावा डोळा तळहाताने झाकला. मग उजवा झाकला. पुन्हा डावा. टीव्हीत कोणीतरी भाजी कशी करायची ते दाखवत होतं. तुम्ही आवाज बंद केला. मला म्हणाले, ती साडी आण, ब्लाउजही आण.

मी आणलं. तुम्ही खिडकीशी बसून दोन्ही मांडीवर पसरलं आणि नव्या डोळ्याने बराच वेळ पाहत राहिले.

"हे काळं आहे," तुम्ही म्हणाले.

"हो."

"तुले तेव्हाच दिसलं होतं?"

"हो."

"अन् टीव्ही?"

"तोही."

तुमची मान खाली घातलेली तशीच होती. "मंग दुसऱ्यांदा काहून नाही सांगितलं?"

मी म्हटलं, पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुमचं तोंड पाहवलं नाही. तुम्ही ब्लाउजची घडी घातली. मग म्हणाले, "तोंड माझं, डोळेबी माझेच. दोघांतून एक वाचवायचं होतं तर तू तोंड वाचवलं."

मी रडायला लागले, तर तुम्ही घाबरले. औषधाचे थेंब टाकायची वेळ झाली म्हणून मला उठवलं. मी डोळ्यात थेंब टाकत होते तेव्हा तुम्ही माझा हात खालून धरून ठेवला. यात तुम्ही मला बोल लावला नव्हता, हे मला कळत होतं. पण ते वाक्य मला अजून पुरतं उमगलेलं नव्हतं. आपल्या माणसाचा मान राखला यात चुकलं कुठे, असंच मला वाटत राहिलं. खरं सांगू, तुम्ही गेल्यावरही तसंच वाटत होतं. या सोमवारपर्यंत.

दुसरा डोळाही झाला, आणि मग आपलं एक फार चांगलं वर्ष गेलं. तुम्ही सदऱ्यांची नीळ बंद केली. जुने सगळे सदरे मी दोन-दोनदा धुतले तरी त्यांचा निळेपणा पुरता गेला नाही, तर तुम्ही म्हणाले राहू दे, घरात घालीन. आणि टीव्ही तुम्ही माझ्या हातात दिला! तू लाव, मी पाहतो, म्हणाले. मी केस पाहिले, सदरा पाहिला, चेहरा पाहिला. रंग थोडा जास्तच ठेवला, मुद्दाम. तुम्ही भिंतीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि चालेल म्हणाले. तुमच्या तोंडून चालेल! गच्चीवर गेलं की तुम्ही नुसतं आभाळ पाहत बसायचे. एवढं निळं असतं हे विसरूनच गेलो होतो, असं म्हणायचे.

त्या थंडीत एका सकाळी चहा पिऊन तुम्ही जरा पडतो म्हणाले आणि उठले नाही. त्याबद्दल मी काय लिहू? तुम्हाला त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले. मी त्यावर विश्वास ठेवला आहे.

आपला तो टीव्ही या उन्हाळ्यात गेला. वीज कमीजास्त झाली आणि पडदा काळा पडला. निखिलने नवा आणला, भिंतीएवढा. लावून देणारा माणूस आला तो रंग भडक करून गेला, दुकानात ठेवतात तसा. निखिलला तेच आवडलं होतं, पण मी म्हटलं, थांब, मी लावते. दोघंही ऑफिसला गेल्यावर मी पडदा ओढला आणि बसले. केस, सदरा, चेहरा. सगळं बरोबर केलं, मला वाटलं. तुम्ही असते तर चालेल म्हणाले असते, इतकं बरोबर. फक्त चेहरे जरा पिवळे वाटत होते, म्हणून वॉर्मचं कूल केलं. काही दिवसांनी अजून थोडं. नव्या टीव्हीचा पडदाच खराब आहे असं समजून मी कंपनीच्या माणसालाही बोलावलं. त्याने पाहिलं आणि टीव्हीत काही बिघाड नाही म्हणाला. मी त्याच्यावरही वैतागले.

आणि मला काहीच कळलं नाही! ज्या बाईने हे सगळं शेजारी बसून पाहिलं होतं, तिला स्वतःच्या वेळेला ओळखू आलं नाही. स्वयंपाकघरातला दिवा मंद झाला म्हणून मी नवा लावून घेतला होता. सुईत दोरा जाईना तर सुईला दोष दिला होता. आतून येतं ना ते, इतकं हळू येतं, की आपल्याला वाटतं जगच मळत चाललं आहे.

तर सोमवार. रविवारी मी मृणालला तोडून बोलले होते, तेव्हा आता ती काही बोलणार नाही अशी माझी खात्री होती. मी तिच्या जागी असते तर बोलले नसते. संध्याकाळी ती ऑफिसमधून आली, बॅग ठेवली, हातपाय धुतले आणि माझ्याशेजारी येऊन बसली. टीव्हीत एक बाई बोलत होती. मृणालने उठून आपला तळहात त्या बाईच्या गालाजवळ धरला आणि मला विचारलं, माझा हात आणि हा गाल, दोन्ही कसे दिसतात? मी म्हटलं, सारखेच. तिने निखिलला हाक मारली. तो आला, दाराशीच थांबला. त्याला सगळं दिसलं. टीव्हीही आणि मीही. त्याने मान खाली घातली, हुबेहूब तुमच्यासारखी, आणि गप्प राहिला.

मृणाल मात्र गप्प राहिली नाही. आपण एकदा डोळे दाखवून येऊ, म्हणाली.

आणि माझ्या तोंडून काय निघालं सांगू? "तू मले रंग सांगून राहिली?"

अक्षर न् अक्षर तुमचं. ते कुठून आलं, कसं आलं, देवाला ठाऊक. निखिल एकदम वर पाहू लागला. मृणालला काय माहीत ते वाक्य कोणाचं आहे! ती घाबरली होती, हे मला दिसलं. तेवढं अजून दिसतं मला. पण ती उठली नाही.

"हो आई," ती म्हणाली, "सांगून राहिली. तुम्ही रागावल्या तरी उद्याही सांगीन."

मला तिचा राग आला नाही. मला तुमची आठवण आली. तुम्ही मांडीवर साडी घेऊन बसलेले, मान खाली घातलेले, आणि विचारत असलेले. त्या प्रश्नाचं उत्तर मला अखेर एका पोरीने दिलं, जिने तुम्हाला कधी पाहिलं नाही. तोंड वाचवायचं की डोळे, असं दोनातलं एक निवडावंच लागत नव्हतं हो. शेजारी बसायचं आणि उठून जायचं नाही, एवढंच करायचं होतं. मी तुमच्याशेजारून उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले होते.

मी हे स्वतःला दूषण द्यायला लिहीत नाही. तुम्हीही तर उठून पेपरामागे गेले होते! दोघंही भित्रेच. प्रेम होतं म्हणून भित्रे, एवढंच.

मग मी मृणालला सगळं सांगितलं. लॅबमधली पेटी, निळीचे सदरे, काळा ब्लाउज. फाटकाची कडी वाजली की मी टीव्ही बदलायची ते ऐकून ती इतकी हसली, की तिला ठसका लागला. मग हसता हसता थांबली आणि विचारलं, खरंच घातला तो ब्लाउज, लग्नात? मी म्हटलं, खरंच घातला. ती माझा हात धरून बसली. निखिल कधी आत निघून गेला ते आम्हाला कळलं नाही. थोड्या वेळाने तो डोळे पुसून आला आणि चहा कोणाला हवा ते विचारू लागला.

काल आम्ही दवाखान्यात जाऊन आलो. मला वाटलं होतं तसंच निघालं. दोन्ही डोळ्यांत आहे, उजव्यापासून सुरुवात. पुढच्या आठवड्यातला दिवस ठरला. मृणालने सुट्टी टाकली आहे. नको म्हटलं तर ऐकेना.

भीती वाटते आहे मला. डोळ्याला कोणी हात लावणार म्हणून नाही. तुमचं पाहिलं आहे, दुखत नाही ते. भीती ही की बाहेर आल्यावर बाकावर तुम्ही नसाल. तुमच्या वेळेला मी बाहेर बसून होते, तेव्हा तुम्हाला कसं वाटलं असेल हे मी कधी विचारलंच नाही. विचारायला हवं होतं. तुम्ही सांगितलं नसतंच म्हणा, पण विचारायला हवं होतं.

आज सकाळी मात्र एक गोष्ट लक्षात आली आणि मी पोळी लाटता लाटता थांबले. मृणाल ओट्याशी उभी राहून डबा भरत होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि वाटलं, हिचा रंग नक्की कसा आहे? लग्न ठरवताना मी तुमच्या बहिणीला फोनवर गव्हाळ म्हणून सांगितलं होतं. पण ते मी कोणत्या डोळ्यांनी पाहिलं होतं? ती घरात आली तेव्हापासून मी तिला या पिवळ्या, धुरकट काचेतूनच पाहते आहे. तिच्या लग्नातली साडी, तिचे ओठ, तिच्या डोळ्यांचा रंग, सगळं मी अंदाजानेच धरलेलं. मला वाटत होतं, तुम्ही बिचारे तिला न पाहताच गेले. आणि इथे मी रोज तिच्या हातचा चहा घेते, आणि मीही तिला अजून पाहिलेलं नाही.

तेव्हा हे वचन घ्या. पट्टी निघेल त्या दिवशी मी घरी येऊन टीव्ही लावणार नाही. दवाखान्याच्या दाराबाहेर, उघड्यावर, दिवसाच्या उजेडात मृणालला समोर उभं करीन आणि तिला नीट पाहीन. ती लाजेल, हसेल, लोक पाहतात म्हणेल. पाहू दे. आणि मग तुम्हाला कळवीन, आपली सून कशी दिसते ते.

तुमची,
सुमन